घोडबंदरचे मनोरे आणि १२ मीटरचा हिशेब

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खाडीपुलावरून टिपलेले ठाण्याचे किंवा नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्याचे संध्याकाळचे छायाचित्र आणि त्याखाली ‘आपले मॅनहॅटन’, ‘आपली दुबई’ अशी ओळ, हे आता नेहमीचे झाले आहे. हौसेला मोल नसते. पण दोन शहरे शेजारी ठेवून बघायचीच असतील, तर रस्त्याचा आडवा छेद काढून बघावीत. एका बाजूच्या इमारतीच्या भिंतीपासून समोरच्या इमारतीच्या भिंतीपर्यंत, उंची आणि रुंदी एकाच प्रमाणात, मध्ये फुटपाथ, कुंपण, रॅम्प, पोडियम (मनोऱ्याखालचा पसरट ठोकळा) सगळे जागच्या जागी. असा छेद कागदावर उतरला की ठाण्याचा घोडबंदर रस्ता आणि न्यूयॉर्क यांचे नाते फारच दूरचे निघते.

मॅनहॅटनची आखणी १८११ ची. आडवे रस्ते ६० फूट, उभे ॲव्हेन्यू १०० फूट आणि दोन आडव्या रस्त्यांमधला गाळा २०० फुटांचा. म्हणजे ॲव्हेन्यूवरून चालणाऱ्याला साधारण दर ८० मीटरवर वळायला रस्ता मिळतो. या जाळीवर १९१५ साली इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली: एकराहून कमी जागेवर ३८ मजले, फुटपाथच्या कडेपासून थेट वर, कुठेही मागे न सरकता. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, शहराने नियम केला. रस्त्याच्या रुंदीच्या ठरावीक पटीपर्यंतच भिंत सरळ चढवायची, त्यावर पायरीपायरीने मागे जायचे. भूखंडाच्या २५ टक्के भागावर मात्र मनोरा हवा तितका उंच. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींचा उतरंडीसारखा आकार या नियमातून आला आहे, कुणा वास्तुरचनाकाराच्या आवडीतून नाही.

हा नियम उजेडासाठी होता, आणि तिथे तो हवाच होता. न्यूयॉर्कमध्ये २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर असतो. १०० मीटरच्या इमारतीची सावली २०० मीटरच्याही पुढे जाते. ठाणे साधारण १९.२ अक्षांशावर. त्याच दिवशी, त्याच वेळी इथे सूर्य ४७ अंशांवर असतो आणि सावली ९२ मीटरची पडते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती ३५ मीटर उरते, आणि मेच्या मध्यावर एके दुपारी सावली पायाखालीच येते. उन्हाची टंचाई ठाणेकराला कधी भासलेली नाही. आपल्या रस्त्यावर कमी पडतो तो वारा, आणि मनोऱ्यांच्या रांगेची खरी परीक्षा तिथेच आहे.

म्हणून आपली बरोबरी लावायची तर हाँगकाँगशी लावावी. दमट हवा, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, मधल्या पट्टीत दाटी. तिथल्या नियमांनी बिगरनिवासी वापरासाठी १५ मीटर उंचीपर्यंत पूर्ण भूखंड व्यापायची मुभा दिली आणि शहरभर पोडियमची पैदास झाली: खाली भूखंडभर पसरलेला ठोकळा, वर एकमेकांना खेटून मनोरे. २००३ च्या सार्सच्या साथीनंतर कोंडलेल्या हवेचा प्रश्न ऐरणीवर आला. २००६ पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांना वायुवीजनाची तपासणी लागू झाली. २०११ च्या मार्गदर्शक नियमांनी २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवर, तसेच ६० मीटर किंवा त्याहून लांब सलग दर्शनी भिंत असेल तिथे, इमारतींमध्ये मोकळ्या फटी सोडणे आणले. १५ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मध्यरेषेपासून ७.५ मीटर मागे सरकायला लावले. म्हणजे ज्यांनी पोडियम वाढवला, तेच आता तो कापत आहेत. आपण मात्र तो नव्या उत्साहाने बांधतो आहोत.

आता आपली दिशा बघा. दिवसाचा समुद्री वारा आणि पावसाळी वारा, दोन्ही ढोबळमानाने पश्चिमेकडून येतात. घोडबंदर रस्ता माजिवड्याहून कापूरबावडी, मानपाडा, कासारवडवलीकडे जातो तो मुख्यतः दक्षिणोत्तर, येऊरचा डोंगर आणि खाडी यांच्या मधून. पाम बीच रस्ताही वाशीपासून बेलापूरकडे खाडीच्या काठाने तसाच उतरतो. त्यामुळे या दोन्ही रस्त्यांवरची मनोऱ्यांची रांग वाऱ्याला आडवी, छातीवर झेलल्यासारखी उभी राहते. दुबईच्या शेख झायेद रस्त्यावरही अशीच एकेक रांग दोन्ही बाजूंना आहे. मोटारीतून बघायला झकास, पायी चालायला नाही.

अशा रांगेत वारा जिवंत ठेवतात त्या फटी, आणि त्या ठरतात सामासिक अंतरांवर, म्हणजे इमारत आणि भूखंडाची हद्द यांच्यात सोडायच्या मोकळ्या जागेवर. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत बाजूच्या आणि मागच्या अंतराचे सूत्र आहे: इमारतीची उंची भागिले ५, कमाल १२ मीटर. भागाकार करून पाहा. ६० मीटरच्या इमारतीला १२ मीटर सोडावे लागतात, आणि १५० मीटरच्या इमारतीलाही १२ च. विसाव्या मजल्याच्या आसपास सूत्र झोपी जाते. शेजारच्या भूखंडाचे १२ धरले तर दोन मनोऱ्यांमध्ये २४ मीटर.

गंमत म्हणजे २४ मीटर हे अंतर वाईट नाही. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये दोन निवासी मनोऱ्यांत साधारण ८० फूट, म्हणजे तेवढेच अंतर ठेवतात, आणि ते शहर सडपातळ मनोऱ्यांसाठी नावाजलेले आहे. फरक मनोऱ्याच्या जाडीत आहे. तिथे एका मजल्याचे क्षेत्र साधारण ६,५०० चौरस फुटांच्या, म्हणजे ६०० चौरस मीटरच्या आसपास आवरतात. इमारत साधारण २५ मीटर रुंद होते. २५ मीटर भिंत, २४ मीटर फट: जवळजवळ निम्मी रांग उघडी. आपल्याकडे दोन विंग जोडून, मधला जिना आणि लिफ्टचा गाळा धरून ७० मीटरची भिंत सहज होते. ७० मीटर भिंत, २४ मीटर फट: रांगेचा चौथा हिस्सा उघडा. नियम पाळूनही. तो उघडा चौथा हिस्सासुद्धा खालच्या चार-पाच मजल्यांवर पोडियमने बुजवलेला असतो, आणि माणूस चालतो तो नेमका त्याच पातळीवर.

रुंद भिंतीचा दुसरा त्रास पावसाळ्यात कळतो. भिंतीवर आदळलेला वारा उंचीच्या साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भागात फुटतो. त्यावरचा माथ्यावरून निघून जातो, खालचा भिंतीवरून घसरत जमिनीवर येतो आणि कोपऱ्यावर वेग घेतो. छत्री नेमकी सोसायटीच्या गेटाशी उलटी होते ती यामुळे. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये ब्रिजवॉटर प्लेस या ३२ मजली इमारतीपाशी २०११ साली वाऱ्याने मालमोटार उलटून पादचारी ठार झाला होता; नंतर रस्त्यावर वारा अडवणारे मोठे पडदे उभारावे लागले. लंडनच्या सिटी भागात आता वाऱ्याचे ढोबळ मोजमाप असते: थोडा वेळ बसण्याच्या जागी सेकंदाला ४ मीटर, उभे राहण्याच्या ठिकाणी ६, चालण्याच्या वाटेवर ८, आणि ही मर्यादा ओलांडली जाण्याचा काळ ५ टक्क्यांच्या आत. पोडियमचा एक गुण इथे मान्य करायला हवा. मनोरा पोडियमच्या कडेपासून पुरेसा आत घेतला, तर वरून घसरणारा वारा पोडियमच्या छतावर अडतो आणि फुटपाथ वाचतो. मनोरा आणि पोडियम एकाच रेषेत चढवले की तो गुण जातो, दोष तेवढे उरतात.

फुटपाथच्या पातळीवर तर आपली अवस्था आणखी गमतीची आहे. नौपाड्यात, गोखले रस्ता आणि राम मारुती रस्त्याच्या परिसरात, चार मजली जुनी इमारत साधारण १३-१४ मीटर उंच आणि दुकान थेट फुटपाथला लागून असते. एप्रिलमध्ये दुपारी ४ वाजता सूर्य सुमारे ४० अंशांवर असतो. १५ मीटरच्या इमारतीची सावली १७-१८ मीटर पडते. असा रस्ता त्या वेळी जवळजवळ पूर्ण सावलीत जातो, आणि त्यासाठी ३० मजल्यांची गरज नसते. पुनर्विकासात हीच इमारत मागे सरकते, जोता, म्हणजे तळमजल्याची पातळी, ९० सेंटिमीटर वर जातो, पुढे मोटारींचा रॅम्प येतो. १:८ उताराने ९० सेंटिमीटर चढायला ७.२ मीटर लांबी लागते. पुढचे अंतर ६ मीटर असेल, तर उरलेले १.२ मीटर कुठून येतात हे कुठल्याही फुटपाथवर जाऊन बघावे. नकाशात रॅम्प हद्दीच्या आत असतो. जागेवर त्याचे नाक बाहेर असते. नाला भरून वर काँक्रीट टाकले की पहिल्या मोठ्या सरीत पाणी शेजारच्या दुकानात.

यावरचा उपाय मुंबईतच उभा आहे. दादाभाई नौरोजी रस्त्यावर इमारतींच्या खालून जाणारी कमानदार वाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहे. ऊनपावसात माणूस दुकानांच्या कडेने चालत राहतो. सिंगापूरमध्येही महत्त्वाच्या रस्त्यांवर इमारतीला झाकलेली वाट द्यावी लागते. ती करताना दोन चुका हमखास होतात. छत शोभेसाठी ५-६ मीटर उंच नेतात. मग तिरका पाऊस थेट आत. छताची खालची बाजू ३ मीटरवर, रुंदी निदान २.५ मीटर हवी. दुसरी चूक पाण्याची. ४० मीटर लांब, २.५ मीटर रुंद छत म्हणजे १०० चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटर पाऊस झाला तर १०,००० लिटर. उतार इमारतीच्या बाजूला आणि पन्हळीतून नळ थेट नाल्यात नसेल, तर हे सगळे चालणाऱ्याच्या डोक्यावर.

नवी मुंबईचा हिशेब थोडा वेगळा. विमानतळ सुरू झाल्यामुळे उलवे आणि आसपासच्या नोडमध्ये (आखलेल्या वसाहतींमध्ये) माथे हवे तसे वर जाऊ शकणार नाहीत. आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे मोठ्या धावपट्टीभोवती ४ किलोमीटरपर्यंत विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरची आडवी मर्यादा असते, त्यापुढे ती ५ टक्के चढाने वर जाते. हाँगकाँगचा कौलून हा भाग, तिथले काई टाक विमानतळ १९९८ मध्ये बंद होईपर्यंत, असाच सपाट माथ्याचा होता. तिथे दोष उंचीचा नव्हता. उंची मिळत नाही म्हणून जमीन भरून काढली गेली, इंचभर मोकळी न सोडता. उलव्यात, खारघरमध्ये हीच भीती आहे. सपाट माथ्यावर पुढे पावसाळी पत्र्याच्या शेड चढतील, ते वेगळेच.

मागणी मोजकी आहे. २४ मीटरपेक्षा उंच इमारतीच्या परवानगीच्या नकाशांत समोरच्या इमारतीसह रस्त्याचा १:२०० प्रमाणातला छेद सक्तीचा करावा. ६० मीटरच्या वर सामासिक अंतराची कमाल मर्यादा मनोऱ्याच्या रुंदीशी जोडावी, म्हणजे ज्याला ७० मीटरची भिंत हवी त्याने फटही तशी सोडावी. ठाण्यातल्या किसननगरसारख्या समूह विकासात (क्लस्टर) शेजारचे अनेक भूखंड एकाच आराखड्यात येतात. तिथे पूर्व-पश्चिम मोकळ्या पट्ट्या आधी आखून मग इमारती बसवता येतील, ही सोय सुट्या भूखंडांवर पुन्हा मिळणार नाही. आणि जोत्यापर्यंतचे काम तपासून मिळणाऱ्या जोता प्रमाणपत्राच्या वेळी रॅम्पची लांबी फीत लावून मोजावी. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी मोजून उपयोग नसतो. तोवर काँक्रीट सुकलेले असते.

आपला,
एक नगररचनाकार, नौपाडा, ठाणे