पाण्याची बाटली भरलेलीच घरी येते

संपादक साहेब, नमस्कार,

माझी मुलगी आठवीत आहे. दिवाळीनंतर तिला लघवीला जळजळ, पोटात दुखणं, मधेच ताप असं सुरू झालं, मी आधी घरगुती उपाय करत बसले, धण्याचं पाणी वगैरे, शेवटी डॉक्टरांकडे नेलं तर लघवीचं इन्फेक्शन निघालं. डॉक्टर मॅडमनी तिला एकच विचारलं, शाळेत पाणी किती पितेस? ती गप्प. मग म्हणाली, पीतच नाही, कारण मग बाथरूमला जावं लागतं.

मला एकदम आठवलं की रोज संध्याकाळी बाटली जवळजवळ भरलेलीच घरी येते आणि मी ते पाणी निवांत तुळशीला ओतत होते. साडेदहा ते पाच लघवी दाबून धरायची म्हणजे काय होतं हे आपल्याला बाई म्हणून माहीत असतं, तरी माझ्या लक्षात आलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बघितलं. मुलींच्या बाथरूमची कडी तुटलेली, तिथे दोरी बांधलीय, एक आत गेली की मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहते. टाकी सकाळी एकदाच भरतात, मधल्या सुट्टीनंतर नळाला थेंब नाही. साबण तर नाहीच, आणि भिंतीवर मात्र मोठ्या अक्षरात हात धुवायच्या पायऱ्या रंगवल्यात. १५ ऑक्टोबरला हात धुण्याचा दिवस साजरा झाला त्याचे फोटो ग्रुपवर आले होते, त्यात साबण होता!

पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. पॅड चार-सहा तासांनी बदलायला हवा, पण झाकणाची बादली नाही, पाणी नाही, मग पोरी एकाच पॅडवर दिवस काढतात नाहीतर सरळ घरी बसतात. २०१८ मध्ये अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींसाठी ५ रुपयांत ८ पॅड मिळायला लागले, चांगलंच झालं, पण ते बदलायला जागा नको का? शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, त्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं लिहिलीयत, आणि खोली आहेही, फक्त वापरता येत नाही.

आणि मुलांशी तर या वयात कोणीच बोलत नाही. घाम वाढतो, जांघेत गजकर्ण होतं, लाजेने पोरगं सांगत नाही आणि मेडिकलमधून मित्राने सांगितलेली कुठलीतरी ट्यूब आणून लावतं, त्यात स्टेरॉईड असलं की आधी बरं वाटतं आणि मग ते जास्तच पसरतं. रोज आंघोळ, अंग नीट कोरडं करणं, धुतलेली आणि उन्हात वाळवलेली चड्डी, एवढं वडिलांनी मुलाला सांगितलं तर काय बिघडतं?

आम्ही चार आयांनी मिळून सध्या नळाला जाळीच्या पिशवीत साबण टांगलाय, म्हणजे कोणी उचलून नेत नाही आणि खाली पडत पण नाही. एकीचे मिस्टर सुतार आहेत, त्यांनी कडी बसवून दिली. टाकी दुपारी परत भरायचं काम मात्र आमच्या हातात नाही, त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीला अर्ज दिलाय.

इतर पालकांना एवढीच विनंती, प्रगतीपुस्तकावर सही करायला शाळेत जाल तेव्हा त्या मागच्या बाजूला पण एकदा जाऊन या आणि घरी आल्यावर पोरांची बाटली उघडून बघा.

आपली,
एक पालक