नंद्या, बाबांनी यंदा तारीख लिहिली नाही

कळवा, नोव्हेंबर

प्रिय नंद्या,

बाबांनी यंदा तारीख लिहिली नाही. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर म्हणेल, बरं मग? म्हणून तुलाच लिहितोय.

नवं कालनिर्णय घरात आलं की बाबा आधी दिवाळीचं पान काढतात आणि लक्ष्मीपूजनाच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक लिहितात, ‘नौपाडा’. म्हणजे त्या दिवशीच्या पणत्या आपल्या घरात. रिडेव्हलपमेंटसाठी ठाण्यातली आपली नौपाड्याची बिल्डिंग पाडल्यापासून दरवर्षी हेच. परवा पुढच्या वर्षीचं भिंतीवर लागलं, मी हळूच नोव्हेंबर उघडून पाहिला, तर चौकोन कोरा. धस्स झालं रे. बिल्डरकडून येणारं भाडं थकलं तेव्हा आई रडत होती आणि हा माणूस या भाड्याच्या घरात फरशीवर खडूने नवा हॉल आखून दाखवत होता, झोपाळा इथे, देव तिथे. आम्ही सगळे त्या खडूच्या रेघांवर तगलो. आता त्यांनीच हात टेकले तर?

बाकी ठीक. आईची शुगर काबूत, माझी पाठ आहे तशीच.

जागेवर जाऊन आलो. पत्र्याच्या फटीतून दिसतात ते प्लिंथच्या वर आलेले कॉलम, त्यांतून निघालेल्या तांबड्या गंजक्या सळया, टोकांना फासलेला सिमेंटचा लेप पावसाने धुऊन गेलेला. लिफ्टच्या खड्ड्यात हिरवं पाणी. वॉचमनसुद्धा नाही.

आणि तुझी ती मीटिंग आठवली. तू उभा राहून म्हणालास, ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयात स्पष्ट आहे, बिल्डरने प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी द्यायची, ती हातात पडल्याशिवाय कुणी घर सोडू नका. बाबा कडाडले, ‘नंदू, शुभ कार्यात मोडता घालू नकोस!’ कुलकर्णी काकूंनी टाळ्या वाजवल्या, त्या नक्की कोणासाठी हे अजून कळलेलं नाही. मग आपण मामलेदारला मिसळ खाताना भांडलो आणि तू जास्तीची तर्री न मागता उठलास. तुझ्या बाबतीत एवढा राग मी पुन्हा पाहिला नाही.

पण एक सांगू? तुझं म्हणणं सोळा आणे खरं होतं, तरी त्यानंतर तू पुण्याला जाऊन गप्प बसलास, ते मला आजही पटत नाही. ‘प्रकल्प आपटणार’ म्हणून घरी बसणं यालाही मी शहाणपण म्हणणार नाही.

रेवा सायकॉलॉजी घेऊन बसली आहे. तिने जेवताना गॅब्रिएल ओटिंगेन या जर्मन बाईंचं सांगितलं. १९९१ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर वजन उतरवू पाहणाऱ्या बायकांचा अभ्यास छापला. आपल्याला जमेल असं धरून चालणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं, पण बारीक झाल्यावरची गोड चित्रं मनात रंगवणाऱ्यांचं कमी. म्हणजे भरवसा वेगळा आणि चित्र रंगवणं वेगळं. माझ्या डोळ्यांसमोर फरशीवरचा झोपाळा आला, आणि घास तसाच राहिला.

त्याच रात्री फ्रिजवर एक लांबट वही सापडली. बाबांचं अक्षर. प्रत्येक सभासदाला एक पान: भाडं कोणत्या महिन्यापासून थकलं, करारातलं कलम, सही. उपनिबंधक कार्यालयात दिलेल्या अर्जाची शिक्क्याची पोच टाचणीने लावलेली. सही द्यायला कां-कूं करणाऱ्यांच्या नावापुढे ‘पुन्हा जाणे’. नंद्या, सगळं सोडून दिलेला माणूस पोच टाचून ठेवत नाही. तारीख लिहिणं थांबलंय, आशा थांबलेली नाही, आणि मला तर वाटतं ही आशा जास्त टणक आहे, कारण हिला रोज सकाळी काहीतरी काम आहे. कालच टीएमटी बसच्या गर्दीत उभे राहून दोन सह्या घेऊन आले आणि दोन वेळा भात मागितला.

तरी धास्ती जात नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तारखेशिवाय किती चालायचं माणसाने? आई झोपली की मी हाच विचार करत पडतो.

वहिनींचा गुडघा कसा आहे? सईची बारावी ना यंदा? तिला म्हणावं, काकाकडे ये चार दिवस. नव्या ऑफिसचं काय झालं, सविस्तर कळव.

आता मुख्य काम. वहीच्या शेवटच्या पानावर एकच ओळ आहे: ‘नंदूला विचारणे. गॅरंटी, करार रद्द करण्याची नोटीस.’ खाली दोन रेघा मारल्यात. ते स्वतःहून फोन करणार नाहीत, तुला माहीत आहेत ते. तू कर, सहज केल्यासारखा. वही मी पाहिली हे बोलू नकोस. येत्या रविवारी पाच वाजता खारीगावला कुलकर्णी काकूंकडे सगळे जमणार आहेत. करारपत्राची तू खुणा केलेली झेरॉक्स असेल तर तीच घेऊन ये, आमच्या प्रतीत कलम १४चं पान नाही.

तुझा,
शिऱ्या