नियम सगळ्यांना एकच, पण भार सारखा नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आमचं लेथचं वर्कशॉप आहे, सहा माणसांचं. पहिला बोल्ट निघाला की त्यावर गेज, म्हणजे आटे तपासायचं माप, लावायचं, गो रिंग अलगद फिरत गेली पाहिजे आणि नो-गो रिंग एखाद-दोन आट्यांत अडकली पाहिजे. एवढं जमलं की आपला एम ८, म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाचा बोल्ट जगातल्या कुठल्याही एम ८ नटात बसणार, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर सव्वा मिलिमीटर, आट्याचा कोन ६० अंश, गिऱ्हाईकाचं तोंडही बघायला लागत नाही. म्हणून स्टँडर्डमुळे लहान धंदे मरतात असं कोणी सरसकट म्हणालं की मला पटत नाही. हे माप ठरलेलं नसतं तर प्रत्येक मोठ्या कंपनीने आपापले आटे ठेवले असते आणि आम्ही कुणातरी एकाच्याच दावणीला बांधलेले राहिलो असतो.

सगळ्यांचं माप एकच नसलं की काय होतं ते दुसऱ्या महायुद्धात दिसलंच. ब्रिटिशांच्या अर्ध्या इंची बोल्टला इंचाला १२ आटे आणि कोन ५५ अंश, अमेरिकनांच्या अर्ध्या इंचीला १३ आटे आणि कोन ६० अंश. दोस्त राष्ट्रं, पण एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला चालेना. शेवटी १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने आट्यांवर करार केला. आणि मोठ्यांनाही हे फुकट पडत नाही बरं का, मालवाहू कंटेनरची मापं ठरली तेव्हा २० आणि ४० फूट पुढे आले आणि ज्यांनी हा धंदा उभा केला त्या अमेरिकन जहाज कंपन्यांचे, सी-लँडचे ३५ फुटी आणि मॅटसनचे २४ फुटी बॉक्स स्टँडर्डच्या बाहेर राहिले. पण बंदरं, क्रेन, ट्रेलर सगळं एका मापाचं झाल्यावर दहा खोके पाठवणाऱ्या माणसालाही दुसऱ्यांच्या मालाबरोबर कंटेनरमध्ये जागा मिळायला लागली, हा फायदा फार मोठा आहे.

मला त्रास होतो तो कागदाचा. आयएसओ ९००१ घ्या, दर्जा सांभाळायच्या पद्धतीचं स्टँडर्ड, १९८७ पासून आहे, कायद्याने सक्ती नाही, पण मोठं गिऱ्हाईक मागतं म्हणजे सक्तीच झाली. ऑडिटचे दिवस माणसांच्या संख्येवर ठरतात हे खरं, पण त्या प्रमाणात नाही, म्हणजे सहा माणसांच्या वर्कशॉपला माणशी खर्च सहाशे माणसांच्या कारखान्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यांच्याकडे क्वालिटीचा वेगळा विभाग असतो, आमच्याकडे जो लेथवर उभा असतो तोच संध्याकाळी हात पुसून रजिस्टर भरतो, आणि ऑडिटच्या दिवशी मशीन बंद. त्यात स्टँडर्डची नवी आवृत्ती आली की डॉक्युमेंट परत विकत घ्या, शिवाय अधूनमधून गेज परत कॅलिब्रेट करा, म्हणजे अचूक आहे का ते तपासून घ्या, लॉट हजाराचा असो की लाखाचा, हा खर्च तेवढाच.

आणि हे ठरवतं कोण? स्टँडर्ड ठरवणाऱ्या कमिटीत बसायला कुणाला बंदी नाही, पण महिनोन् महिने मीटिंगला जायला पगारी माणूस कोणाला परवडतो ते उघड आहे. मग मोठ्यांच्या मशीनला जे सहज जमतं तेच टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, ठरतं. मला यात कट वगैरे दिसत नाही, जे हजर असतात त्यांचं ऐकलं जातं, इतकंच.

सुरक्षेचे नियम ढिले करा असं मी अजिबात म्हणत नाही, ब्रेकचा बोल्ट तुटला तर तो लहान वर्कशॉपचा होता म्हणून कुणाचा जीव वाचत नाही. पण कायदा ज्या स्टँडर्डवर उभा आहे ते वाचायला तरी फुकट असावं. युरोपियन युनियनच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०२४ ला खेळण्यांच्या सुरक्षेच्या स्टँडर्डबद्दल हेच मान्य केलं, की कायद्याचा भाग झालेली स्टँडर्ड लोकांना बघायला मिळण्यात मोठं जनहित आहे. तसंच कमिटीत लहान उत्पादकांचा माणूस खर्च देऊन बसवावा, आणि नवीन आवृत्ती लागू करताना लहान वर्कशॉपला हातातले गेज आणि डाय (आटे पाडायचं हत्यार) वापरून संपवायला मुदत द्यावी. यावर आपल्या पेपरने लिहावं अशी विनंती.

आपला,
एक वर्कशॉपवाला वाचक