पायऱ्या मोजून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमचे नाव कुठेही लिहायचे नाही, असे तुम्ही फोनवर बजावले होते, म्हणून ते लिहीत नाही. पण पत्र मात्र सर्वांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही जे केले ते चारचौघांना कळावे असे मला मनापासून वाटते.

वेळणेश्वर हे माझ्या आईच्या माहेरचे कुलदैवत. लग्नानंतर एकदाच तिचे तिथे जाणे झाले होते, आणि आता वयाच्या 76 व्या वर्षी, दोन्ही गुडघे कुरकुरत असताना, पुन्हा एकदा समुद्राच्या कडेकडेने जाऊन देवाला भेटावे, एवढीच तिची इच्छा होती. गेल्या वर्षी आम्ही एका प्रवासी कंपनीकडे आगाऊ पैसे भरून हे काम सोपवले होते. "सगळे व्यवस्थित आहे" या एका वाक्यावर विसंबून आम्ही निघालो. पहिल्याच मुक्कामी खोली तिसऱ्या मजल्यावर निघाली, लिफ्ट नव्हती, आणि आई दोन तास जिन्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. मी फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, "एवढ्या वयस्कर माणसांना आणायचेच कशाला?" दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला परतलो. पैसे बुडाल्याचे दुःख नाही, पण घरी येईपर्यंत आई जे मुकाट बसून होती, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यानंतर ऑफिसातल्या मैत्रिणीने तुमचा नंबर दिला. एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले, दापोली तालुक्यात राहणारे गृहस्थ, एवढीच तुमची ओळख होती. आमचे खर्चाचे गणित बेताचे आहे, हॉटेले परवडणार नाहीत, घरगुती सोयच हवी, हे मी संकोचतच सांगितले. चार दिवसांनी वहीच्या दुरेघी पानांवर लिहिलेल्या संपूर्ण प्रवासाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले.

ताम्हिणी घाटाने माणगाव, तिथून श्रीवर्धनवरून हरिहरेश्वर, बागमांडल्याच्या जंगलजेट्टीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर, गाडी चढवून सावित्रीपार वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै. पुढे दाभोळहून वाशिष्ठी ओलांडून धोपावे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. आणि शेवटी तवसाळहून जयगडला उतरून गणपतीपुळे. तीन खाड्यांवर तीन फेरीबोटी, नाहीतर प्रत्येक खाडीला केवढा वळसा पडला असता! "आईंना बोटीवर गाडीतून उतरवू नका, जेट्टीला उतार असतो," असे तुम्ही लिहिले होते. "हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला त्यांना नेऊ नका, खडकातल्या पायऱ्या अरुंद आहेत आणि भरतीला लाटा वाटेवर येतात, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला मात्र जरूर न्या, गाडी वरपर्यंत जाते," हेही होते.

पण काका, मला सांगायचे आहे ते त्या पानांच्या समासाबद्दल. प्रत्येक मुक्कामाच्या नावापुढे तुम्ही बारीक अक्षरात लिहिले होते: "ओटीला 3 पायऱ्या, उजवीकडे कठडा. कमोड आहे." "4 पायऱ्या, कठडा नाही, दोघींनी धरावे. खाट उंच आहे." भाडे, जेवण आणि गाडी लावायची जागा यांच्याही आधी तुम्ही पायऱ्या लिहिल्या होत्या. त्यासाठी तुम्ही काही घरी स्वतः जाऊन आलात आणि उरलेल्यांना फोनवर मोजायला लावल्यात, हे मला तिथल्या यजमानांकडून कळले.

आईने ती पाने छापून घेतली आणि पर्समध्ये ठेवली. प्रत्येक दारात ती आधी पान काढून वाचायची, मग मोठ्याने मोजत चढायची. गुहागरला चौथ्या पायरीवर ती थांबली आणि म्हणाली, "बरोबर चार आहेत." तिच्या चेहऱ्यावर जो निर्धास्तपणा होता, तो मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. वेळणेश्वरच्या गाभाऱ्यासमोर ती बराच वेळ बसली, आणि उठताना तिने देवाकडे तुमच्यासाठीही काही मागितले. काय मागितले ते तिने मला सांगितले नाही.

हे तुम्हाला सुचले कसे, असे मी विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, "एसटीची पायरी उंच असते, ताई. म्हातारी माणसे चढताना तीस वर्षे आरशात बघितलीत." ती माणसे नीट चढेपर्यंत गाडी न हलवणारे चालक मीही लहानपणी पाहिले आहेत, पण तेव्हा त्याचे मोल कळले नव्हते. अशा माणसांच्या आधारावर आपल्याकडचे कितीतरी म्हातारे घराबाहेर पडू शकतात, आणि त्यांचे आभार मानायला कुणी मागे वळून येत नाही. तुम्ही एक रुपयाही घेतला नाहीत. आम्ही हर्णैला आलो तेव्हा तुम्ही लेकीकडे गेला होतात, त्यामुळे भेटही राहिली.

आता आईला पावस, पूर्णगड आणि पुढे विजयदुर्ग पाहायचा आहे. तोवर तुमच्या वहीसाठी एक नोंद पाठवते, आईने स्वतः सांगितलेली. तवसाळच्या अलीकडे, जेट्टीकडे उतरण्याआधी, आम्ही एका घरी चहासाठी थांबलो होतो: ओट्याला 2 पायऱ्या, दुसरी जरा उंच, डावीकडे धरायला लाकडी खांब.

आपली कृतज्ञ,
पुण्याची एक लेक