पांढरे शूज धुताना घरातल्या कुत्र्याचाही विचार करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत पांढरे शूज घरच्या घरी चकाचक करायच्या टिप्स आल्या होत्या, त्या वाचल्या आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. ब्लीच टाका, टूथपेस्ट घासा, रात्रभर बादलीत भिजत ठेवा, हे सगळं वाचायला सोपं वाटतं पण घरात कुत्रा असेल तर यातलं जवळजवळ काहीच जसंच्या तसं करता येत नाही, आणि ते एका ओळीत तरी लिहायला हवं होतं. सकाळी आपल्या नाशिकमध्ये गंगापूर रोडला नाहीतर गोदापार्कला जाऊन बघा, कुत्रा फिरवणारे किती दिसतात आणि त्यातल्या किती जणांच्या पायात पांढरे स्निकर्स असतात. आमच्या घरात तर मुलीचे शाळेचे पीटीचे पांढरे कॅनव्हासही असतात, म्हणजे दर आठवड्याचं काम आहे हे.

आधी ब्लीचचं सांगते कारण तेच सगळ्यात धोक्याचं. कुत्रा, त्यातून नर असेल तर, दारातल्या शूजवर कधीतरी पाय वर करतोच. लघवीत युरिया असतो, ती शिळी झाली की त्याचा अमोनिया होतो, आणि त्यावर ब्लीच पडलं की क्लोरामाईन नावाचे वायू सुटतात, डोळे चुरचुरतात, खोकला लागतो, आणि आपण शूज धुतो कुठे तर दार लावून बाथरूममध्ये. वरून डाग गेला नाही म्हणून कुणी त्यावरच टॉयलेट क्लीनर किंवा ऍसिड ओतलं तर थेट क्लोरीन सुटतो, व्हिनेगर ओतलं तरी तेच. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खालीच राहतो, आणि कुत्र्याचं नाक तिथेच असतं हो. एवढं करून शूज पांढरे होतात का तर तेही नाही, सिंथेटिक कापड आणि सोलचा गम ब्लीचने उलट पिवळा पडतो.

मग ती बादली. भिजत घातलेल्या बादलीत कुत्रा तोंड घालतो, स्वतःचं पाणी भरलेलं असलं तरी घालतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका लॅब्राडॉरने असंच ब्लीचिंग पावडरचं पाणी प्यायलं, जीभ सोलली, लाळ थांबेना, रात्री व्हेटकडे पळावं लागलं. टूथपेस्टचंही तसंच, त्यात फ्लोराईड असतं आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तो माणसाला चालतो पण कुत्र्याची साखर एकदम खाली आणतो आणि लिव्हरलाही मार बसतो. गोड वास येतो म्हणून तो शूज चाटणारच. आणि शूज धुऊन झाल्यावर फरशीवर जे फिनेल फिरवतो ना आपण, त्यावरून चालून तो पंजे चाटतो. काही फिनेलमध्ये फिनॉलसारखी द्रव्यं असतात, ती कुत्र्याला वाईट, मांजराला तर फारच वाईट.

आता आम्ही काय करतो ते लिहिते. पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती बुटाला चिकटली की ओली असताना अजिबात घासायची नाही, कापडात आणखी आत जाते. पूर्ण वाळू द्यायची, दोन्ही सोल एकमेकांवर आपटायचे, उरलेली कोरड्या ब्रशने झटकायची, अर्धं काम तिथेच होतं. केस चिकटलेले असतील तर रबरी हातमोजा थोडा ओला करून एकाच दिशेने फिरवा, गोळा होऊन येतात. लाळ आणि लघवीच्या डागाला गार पाणी. गरम पाणी टाकलं की लाळेतलं प्रोटीन कापडात पक्कं बसतं. एन्झाइमवालं लिक्विड डिटर्जंट थोडंसं घेऊन डागावर लावायचं, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, मऊ टूथब्रशने गोल गोल घासायचं. एन्झाइममुळे नुसता डाग नाही तर वासही कमी होतो आणि वास गेला तरच कुत्रा परत तिथे करत नाही. लेदरचे किंवा रेक्झिनचे असतील तर भिजवायचे नाहीतच, ओल्या कपड्याने पुसायचे.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायची टिप सगळीकडे दिसते. फेस छान येतो पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, उरतं जवळपास मिठासारखं पाणी. हवं तर वेगवेगळं वापरा.

मखमलाबादच्या बाजूला, द्राक्षबागांच्या कडेने फिरायला जाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांवर फवारण्या जोरात असतात, बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना, त्याचे निळसर हिरवट शिंतोडे पांढऱ्या शूजवर लगेच दिसतात. डिटर्जंटने ते निघत नाहीत, लिंबाच्या रसाने किंवा पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतात कारण तांबं आम्लात विरघळतं. पण शूजवर दिसले याचा अर्थ तेच कुत्र्याच्या पंजांना पण लागलंय, आणि तो घरी आला की पहिलं काम पंजे चाटायचं करतो. म्हणून आधी त्याचे पाय धुवा, बोटांच्या मधे सुद्धा, शूज नंतर बघू. खरंतर फवारणीच्या दिवसांत त्या बाजूला कुत्रा नेऊच नये असं माझं मत आहे.

खळबळून धुणं फार महत्त्वाचं आहे, दोनदा तीनदा, कारण कापडात राहिलेला साबण वाळताना वर येतो आणि तेच ते पिवळे डाग, ज्यांना लोक शूज खराब निघाले म्हणतात. नवीन कॉलन्यांमध्ये जिथे बोअरचं जड पाणी आहे तिथे शेवटचं पाणी नळाचं घ्या. पीटीच्या शूजला शेवटच्या पाण्यात नीळ टाकायची तर अगदी एकच थेंब. मग वरून पांढरा टिश्यू किंवा जुनं पांढरं सुती कापड गुंडाळून सावलीत वाळवा, पिवळेपणा त्या कापडात उतरतो. आत वर्तमानपत्र कोंबू नका, शाई ओल्या पांढऱ्या कापडाला लागते, कोरा कागद घ्या. आणि लेस काढून वेगळी, उंच टांगायची. कुत्र्याने लेस गिळली तर ती आतड्यात अडकून ऑपरेशनपर्यंत जातं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

गाडीवर नाहीतर दारोदार बिनलेबलच्या बाटलीत फिनेल आणि ऍसिड विकायला येतं ते कृपा करून घेऊ नका. कुत्र्याच्या पोटात काही गेलं तर व्हेट पहिला प्रश्न विचारतात की बाटलीवर काय लिहिलंय, आणि तिथे काही लिहिलेलंच नसतं. अशा वेळी मीठ पाजून उलटी पण काढू नका, जळजळीत पदार्थ वर येताना परत घसा भाजतो. तोंड पाण्याने धुवा, बाटली बरोबर घ्या आणि निघा.

आपल्याला विनंती एवढीच की पुरवणीत घरगुती सफाईच्या टिप्स येतील तेव्हा प्रत्येकीखाली पाळीव प्राणी असलेल्या घरात हे चालेल की नाही ते लिहा, आणि जमलं तर नाशिकमधल्या एखाद्या व्हेटकडून ती यादी एकदा तपासून घेऊन छापा. दिवाळीच्या आत आली तर फार बरं होईल, घरोघरी सफाई तेव्हाच निघते.

आपली एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक