दोष यंत्राचा की केरसुणीचा?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला गिटारच्या ‘कॅप्चर’ यंत्रांवरचा लेख वाचला. माइक लावलेल्या अॅम्पचा (अॅम्प्लिफायरचा) आवाज हुबेहूब उतरवून घेतो असं म्हणणारी ही यंत्रं म्हणजे शुद्ध फसवणूक, असा लेखाचा सूर आहे. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मी २६ वर्षं अॅम्प दुरुस्त करतोय. जुन्या धाटणीच्या, काचेच्या ट्यूबच्या अॅम्पवर माझं पोट चालतं, तेव्हा या यंत्रांची वकिली करून मला काही मिळायचं नाही. तरी राहवेना.

जुलैत कर्वेनगरचा एक मुलगा असाच वैतागून आला. “काका, कॅप्चर पार बिघडलंय. तोंडावर उशी दाबल्यासारखा आवाज येतोय.” त्याच्या घरी गेलो. हा अॅम्पसमोर उभा राहून कानाने ऐकायचा आणि कॅप्चर टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर. अहो, कॅप्चरमध्ये अॅम्प, त्याचा स्पीकर आणि माइक तिघंही येतात. खोलीत उभ्या माणसाचा कान त्यात नसतो! अॅम्प आतल्या खोलीत ठेवला, दार लावलं, माइकचा आवाज त्याच छोट्या स्पीकरवर घेतला आणि दोन्हींची पातळी सारखी केली. जे जरा मोठं वाजतं तेच कानाला बरं वाटतं, म्हणून हे करावंच लागतं.

फरक कमी झाला, पण गेला नाही. पडद्यावर पाहिलं तर पठ्ठ्याने कॅप्चरनंतर आणखी एक कॅबिनेटची, म्हणजे स्पीकरच्या खोक्याची, नक्कल जोडलेली. कॅबिनेट माइकमधून आधीच आलंय की! फोडणीच्या वरणाला पुन्हा फोडणी. ती काढली आणि उशी बरीचशी उठली.

तरीही कॅप्चर किंचित मंदच. इथे माझा अर्धा तास गेला. शेवटी शनिवारी कॅप्चर करताना त्याने काढलेला फोटो मागितला. फोटोत माइकचं (एसएम ५७ चं) तोंड स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर होतं, आता ते थेट मध्यावर. मध्याकडे सरकलं की आवाज तीक्ष्ण होतो. म्हणजे कॅप्चर जसं होतं तसंच होतं, बदलला होता खरा आवाज. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “रविवारी केर काढताना माइकचा तो दांडा मीच सरकवला.” किती? जेमतेम दोन बोटं.

मग पंखा बंद करून, अॅम्पचा रिव्हर्ब शून्यावर आणून (त्याच्या यंत्राला घुमारा पकडता येत नाही) आणि माइकची पातळी लाल दिव्याच्या बरीच खाली ठेवून नव्याने कॅप्चर घेतलं. नदीकाठच्या ढोलांचा सराव संपेपर्यंत थांबावं लागलं, ते वेगळंच. गिटारचा आवाज अगदी बारीक केला की अजून थोडा फरक कळतो, तो मी नाकारत नाही. पण खरा अॅम्प तरी रोज सारखा कुठे वाजतो? त्या संध्याकाळी माझ्या मीटरवर २१४ व्होल्ट होते, दुसऱ्या दिवशी सकाळी २३२. ट्यूबच्या अॅम्पला तेवढाही फरक जाणवतो.

लेखकमहाशयांनी तुलना करताना अॅम्प कुठे ठेवला होता, कशावर ऐकलं आणि माइक हलला नव्हता ना, याची लेखात एक ओळही नाही. ती छापावी, एवढीच विनंती. कर्वेनगरच्या त्या माउलीने स्टँडच्या तिन्ही पायांभोवती फरशीवर खडूने खुणा करून ठेवल्या आहेत.

आपला,
एक अॅम्प-दुरुस्तीवाला,
बुधवार पेठ, पुणे