पुढच्या वेळी त्यांचीही नावं घे

प्रिय छकुली,

स्टेजवर तू कुठल्याही नावाने उभी राहा, पत्रात हेच राहणार. मित्रमंडळींना दाखवायचं नसेल तर दाखवू नकोस.

तुझी मुलाखत ऐकली. कुणाला ऐकून रॅप लिहायला लागलीस, असं विचारल्यावर तू भराभर नावं घेतलीस: रकीम, नाझ, एमएफ डूम आणि अगदी शेवटी एकच बाई, लॉरिन हिल. मग म्हणालीस, ‘मी फीमेल रॅपर नाही, नुसती रॅपर आहे.’ झोकात म्हणालीस. मला त्यातलं अर्धंच पटलं. उरलेल्या अर्ध्यावर भांडायला हे पत्र, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

पटलेलं आधी सांगते. ‘बायकांमध्ये चांगली’ ही शाबासकी तू घेऊ नयेस, हे अगदी बरोबर. ग्रॅमीवाल्यांनी 2003 मध्ये रॅप करणाऱ्या बायकांसाठी वेगळं पारितोषिक काढलं. ते दोनच वर्षं दिलं, दोन्ही वेळा मिसी एलियटला, आणि मग गुंडाळलं. वेगळी पंगत मांडायची आणि जेवण रंगात येण्याआधीच पानं उचलायची, असा तो प्रकार. सगळ्यांसाठीचं रॅप अल्बमचं पारितोषिक 1996 पासून आहे. लॉरिन हिलला ते फ्यूजीज या तिच्या गटाबरोबर 1997 मध्ये मिळालं, पण बाईने एकटीच्या नावावर ते जिंकायला 2019 उजाडलं. ती कार्डी बी. त्यानंतर 2025 मध्ये डोची. एवढ्या वर्षांत झाल्या त्या एवढ्याच.

आता भांडण. तू ज्यांना ‘नुसते रॅपर’ म्हणून मोजलंस त्या यादीत जवळजवळ सगळे पुरुष. म्हणजे बायकांची वेगळी रांग तू मान्यच केलीस. फक्त स्वतः त्या रांगेतून बाहेर पडलीस. हे मला खटकलं.

तुझ्या लाडक्या नाझचंच घे. तो न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीत वाढला आणि त्याचा पहिला अल्बम 1994 मध्ये आला. त्याच्या दहा वर्षं आधी त्याच वसाहतीतली चौदा वर्षांची एक मुलगी मार्ली मार्ल या प्रोड्यूसरच्या घरात माइकसमोर उभी राहिली होती. रॉक्सॅन शांते. यूटीएफओ नावाच्या मुलांच्या गटाने भाव न देणाऱ्या एका रॉक्सॅनवर गाणं केलं होतं. ही पोरगी त्या रॉक्सॅनच्या जागी उभी राहिली आणि तिने त्या मुलांना एकेक करून सोललं. कपडे धुवायला निघाले होते, वाटेत थांबून रॅप करून गेले, असं ती सांगते. मग त्याला उत्तरं आणि उत्तरांना उत्तरं म्हणून डझनावारी रेकॉर्ड निघाल्या. आज दोन रॅपर एकमेकांवर डिस ट्रॅक, म्हणजे उणीदुणी काढणारी गाणी, काढतात आणि तू रात्र रात्र जागून ओळी सोडवत बसतेस, त्या खेळाच्या सुरुवातीला एक शाळकरी मुलगी आहे. पुढच्याच वर्षी एका मोठ्या बॅटलमध्ये, म्हणजे रॅपच्या सामन्यात, ती बिझी बी या रॅपरविरुद्ध हरली. परीक्षकांपैकी एकाने मुद्दाम कमी गुण दिले होते. पंधरा वर्षांची मुलगी सर्वांत भारी ठरली तर रॅपला कोण विचारणार, अशी त्याला धास्ती होती, असं शांतेने पुढे सांगितलं आहे. ती हरली, हे लोकांच्या लक्षात आहे. गुण कुणी कापले, ते बहुतेकांना माहीतच नसतं.

आणखी मागे जाऊ. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स, डीजे कूल हर्कची पार्टी. रॅप ज्यातून आलं त्या हिप-हॉपचा जन्म इथला, हे तुला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. ती पार्टी ठरवली त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्बलने. शाळा सुरू होण्याआधी तिला नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. तिकीट मुलींना 25 सेंट, मुलांना 50. (हा दर मला फार आवडतो.) 1979 मध्ये रॅपची पहिली मोठी हिट रेकॉर्ड बाजारात आणली ती सिल्व्हिया रॉबिन्सनने. आणि 14 फेब्रुवारी 1981 ला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’वर फंकी फोर प्लस वन गटाने रॅप केलं, तेव्हा अमेरिकाभर दिसणाऱ्या टीव्हीवर रॅपचा गट पहिल्यांदा आला. त्यातली ‘प्लस वन’ म्हणजे शा-रॉक. तिला नीट ऐक. चार पुरुषांच्या मध्ये तिचा आवाज कुठेही दबत नाही.

तू म्हणशील, आई, हा इतिहास झाला, मला प्रेरणा कुठून मिळाली ते मी सांगितलं. ठीक आहे. रकीमकडून तू ओळीच्या पोटात यमक लपवायला शिकलीस, ते मला ऐकू येतं. पण बीटच्या, म्हणजे ठेक्याच्या, जरा मागे राहून, आवाज न चढवता बोलायची तुझी जी ढब आहे ती रकीमची नाही. ती बहामाडिया या रॅपर बाईची आहे. तिचा 1996 चा अल्बम तू कॉलेजात असताना घरी इतका वाजवलास की मलाही पाठ झाला. तिच्याकडे ना आरडाओरडा ना धमकी. शब्द असे पडतात की समोरच्याला कान पुढे करावा लागतो. अंडरग्राउंडमध्ये, म्हणजे बाजारू गाण्यांपासून लांब राहणाऱ्यांत, तिला मानतात, बाहेर फारसं कुणी ओळखत नाही. मग तिचं नाव घ्यायला तुझी जीभ का अडखळली? मला वाटतं, बाईचं नाव घेतलं की लोक आपल्याला बायकांच्या कप्प्यात टाकतील, या भीतीने.

भीती खोटी नाही, ते कबूल. या धंद्यात बायकांसाठी एका वेळी एकच खुर्ची ठेवतात आणि मग त्या खुर्चीवरून भांडणं लावून देतात. लिल किम आणि फॉक्सी ब्राउन या दोन रॅपर बायकांचे पहिले अल्बम 1996 च्या नोव्हेंबरात आठवड्याच्या अंतराने आले. दोघी एकमेकींना ओळखणाऱ्या, दोघींचे चाहते भरपूर. तरी पुढे वर्षानुवर्षं दोघींबद्दल छापून आलं ते त्यांच्या वैराबद्दल. त्याच काळात पुरुष रॅपर डझनाने नाव काढत होते, आणि आता एवढे कशाला, असं कुणी विचारत नव्हतं. तुझ्या सायफरमध्ये, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप करता तिथे, दुसरी मुलगी आली की तू गप्प होतेस, असं तूच मागे सांगितलं होतंस. तिच्या ओळी कच्च्या असतील तर तोंडावर सांग. पण ती आली म्हणून आक्रसू नकोस.

‘तुला लिहून कोण देतं?’ हेही विचारतील. शांतेसाठीसुद्धा बिग डॅडी केन या रॅपरने लिहिलं आहे. पुरुषांना लिहून देणारेही असतात, पण त्यांच्याबाबतीत ती पडद्यामागची गंमत होते आणि बाईच्या बाबतीत पुरावा. तू उत्तर देत बसू नकोस. फ्रीस्टाइल कर, तिथल्या तिथे रचून म्हण, विषय मिटेल.

अंगप्रदर्शन आणि शिव्या यावर मी बोलेन अशी तुझी अपेक्षा असेल. फार बोलणार नाही. क्वीन लतीफाने 1993 मध्ये बायकांना शिव्या देणाऱ्यांना गाण्यातच जाब विचारला आणि त्याच गाण्यावर ग्रॅमी घेतलं. लिल किमने दुसऱ्या टोकाने जाऊन स्वतःच्या शरीराबद्दल स्वतःच बोलायचं ठरवलं. मला लतीफा जवळची वाटते, माझं वयही तसंच आहे. तू कुठे उभी राहायचं ते तुझं तू ठरव. फक्त प्रोड्यूसरने सुचवलं म्हणून काही घालू नकोस किंवा उतरवू नकोस.

पैशाचं मात्र ऐकावंच लागेल. टीएलसी या तीन बायकांच्या गटाच्या अल्बमच्या लाखो प्रती खपत होत्या, त्याच 1995 मध्ये त्या तिघींनी दिवाळखोरी जाहीर केली. करार तसा होता. तुला जो कागद पाठवला आहे त्यात मास्टर, म्हणजे मूळ, रेकॉर्डिंगची मालकी कुणाकडे राहणार ते स्पष्ट लिहिलेलं नाही. ते लिहून घेतल्याशिवाय सही करू नकोस. त्यांना घाई असेल तर असू दे.

राहिलं नवीन गाणं. पहिली व्हर्स, म्हणजे कडवं, जबरदस्त आहे. हुक, म्हणजे ध्रुवपद, मला आवडला नाही, तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. दुसऱ्या व्हर्समध्ये ‘उंबरठा’वाल्या ओळीला तुझा श्वास पुरत नाही आणि शेवटचा शब्द गिळला जातो. त्या ओळीतले दोन शब्द काढ, किंवा आधीची ओळ लवकर संपव. दुरुस्त केलंस की पाठव.

तुझी,
आई